वैरणीचा हिशेब : बैल की ट्रॅक्टर?



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण जमलो आहोत, त्यांनी आम्हाला निबंधाला एक विषय दिला होता : 'बैल की यंत्र?' मी बैलाच्या बाजूने भरभरून लिहिले. गुरुजींनी वहीत एकच शेरा मारला : 'बैल खातो काय, हे लिहिले नाही.' तो राहून गेलेला परिच्छेद आज साठ वर्षांनी पुरा करावा, म्हणून मी हा विषय निवडला.

आपला जुना आदिलाबाद जिल्हा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तेलुगू राज्यात गेला आणि २०१६ मध्ये त्याचे चार जिल्हे झाले. सीमा बदलल्या, तरी पैनगंगेच्या दोन्ही काठांवरची काळी जमीन, वखर, डवरा, तिफण आणि पोळा हे बदलले नाहीत. माझ्या लहानपणी हिवाळा म्हणजे कडबा वाहण्याचे दिवस. ज्वारीची कणसे खुडली की पेंढ्या बांधायच्या, बंडीत भरायच्या आणि वाड्यामागे गंजी रचायची. पाऊस आत शिरणार नाही अशी गंजी रचणे ही कलाच होती. गावात कोणाची ऐपत किती, हे घरावरून नव्हे, गंजीवरून ओळखत. मुलीचे स्थळ पाहायला आलेली मंडळीही आधी वाड्यामागे नजर टाकीत.

आता गुरुजींचा प्रश्न घेऊ. मध्यम बांध्याच्या एका बैलाला दिवसाला आठ-दहा किलो कोरडी वैरण लागते. पावसाळ्यात बांधावरचे हिरवे गवत मिळते. उरलेले सातआठ महिने गंजीवर काढायचे. म्हणजे एका जोडीला वर्षाकाठी सुमारे चार टन कडबा हवा, वर कामाच्या दिवसांत सरकीची ढेप. त्यासाठी दोनेक एकर ज्वारी तरी पेरावी लागे. ट्रॅक्टरचे गणित निराळे. पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर नांगरटीत तासाला तीन-चार लिटर डिझेल पितो; पण बैलजोडीच्या नांगराला ज्याला दोन दिवस लागतात, ते एकरभर काम तो तास-दीड तासात उरकतो. उभा असला तर खात नाही. बैल मात्र काम नसलेल्या दिवशीही गव्हाणीकडे तोंड करून उभा असतो.

हा पेच केवळ आपला नाही. उत्तर अमेरिकेतील अतिथंड कुरणांवर हिवाळाभर जमीन बर्फाखाली असते आणि साठवलेले वाळके गवत गुरांपुढे रोज नेऊन टाकावे लागते. तिथे काही पशुपालक आजही त्यासाठी घोड्यांची जोडी ठेवतात. कडाक्याच्या थंडीत डिझेल गोठते, इंजिन सुरू होत नाही. घोडे मात्र आवाजावर आपले आपण चालतात आणि एकटा माणूस मागे उभा राहून गवत टाकू शकतो. आपल्या बंडीच्या बैलांनाही कोठे थांबायचे हे सांगावे लागत नसे. परंतु तिथल्या शेतकऱ्यालाही तोच हिशेब करावा लागतो : या घोड्यांसाठी गवत कोणत्या जमिनीवर पिकवायचे?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर ट्रॅक्टर येण्याआधीच दिले गेले होते. १९६४ साली ज्वारीचे पहिले संकरित वाण आले. दाणा वाढला, पण ताट बुटके झाले आणि कडबा घटला. पुढे कापसाने ज्वारीची जागा घेतली, नंतर सोयाबीन आले, आणि २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर ज्वारी आणखीच मागे हटली. सोयाबीनचे कुटार म्हणजे कडबा नव्हे. आणि पऱ्हाटी चुलीत जाते, गव्हाणीत नाही. यात मी शेतकऱ्याला दोष देत नाही. त्याला पोरांची फी भरायला रोख पैसा हवा होता. पण ज्या वर्षी ज्वारी शेतातून गेली, त्या वर्षीच बैल दावणीवरून गेला. बाजारात तो फक्त नंतर विकला गेला.

महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये पूर्ण केला. जंगलखात्याने चराऊ राने बंद केल्याने शेतकऱ्याच्या गुरांची कशी उपासमार झाली, हे त्यांनी त्यात मांडले आहे. बैलाचा प्रश्न हा वैरणीचा प्रश्न आहे, हे त्यांना तेव्हाच दिसले होते. आनंद यादवांच्या 'गोतावळा' या १९७१ च्या कादंबरीत ट्रॅक्टर येतो, जनावरे जातात आणि त्यांच्यात जीव गुंतलेला नारबा एकटा पडतो. ही कादंबरी मी वर्गात अनेक वर्षे शिकवली. शेवटाकडे येताना माझा आवाज जड होत असे.

आता एक कबुली देतो. १९८७ साली मी ती कादंबरी शिकवीत असतानाच थोरल्या भावाचे गावाहून पत्र आले : कडबा पुरत नाही, पाडव्याला सालगडी मिळाला नाही, काय करू? मी उलट टपाली लिहिले, 'बैल विका, ट्रॅक्टर घ्या,' आणि पैसेही पाठविले. वडील एवढेच म्हणाले, "त्याले चिखल चालते का?" दोन वर्षांनी श्रावणात झड लागली. कापसात तण माजले. चिखलात ट्रॅक्टर जाईना आणि डवरणीला गावात बैल मिळेना. शेजारच्या गावाहून दुप्पट भाड्याने जोडी आणली, तोवर निम्मे पीक हातचे गेले होते. मी हळहळ व्यक्त केली, तेव्हा भाऊ म्हणाला, "पैशे धाडले तुनं. कडबा धाडला असता, त बैल ठेवले असते." या वाक्याला माझ्यापाशी आजही उत्तर नाही.

तरीही बैलाचे स्तोत्र गाण्यासाठी मी उभा नाही. त्या दावणीपाशी पहाटे तीनला उठून वैरण टाकणारा सालगडी होता, शेण काढणारी त्याची बायको होती. त्यांची अपुरी झोप आम्ही कोणत्याच निबंधात लिहिली नाही. ट्रॅक्टरने त्यांची पाठ सोडवली असेल, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार माझ्यासारख्या पंख्याखाली बसणाऱ्याला नाही.

मग करावे काय? मला वाटते, दोन्हींची कामे वेगळी ओळखावीत. खोल नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने करावी. पेरणी, डवरणी आणि चिखलातली वाहतूक बैलांकडे ठेवावी. एकट्याला जोडी परवडत नसेल, तर दोघा-तिघा शेजाऱ्यांनी सावड करावी. कडबा सबंध न टाकता कुट्टी करून घालावा. नासाडी पुष्कळ कमी होते. आणि सर्वांत आधी, एक पट्टा उंच ताटाच्या ज्वारीसाठी राखावा. जो हा पट्टा पेरणार नाही, त्याने बैल ठेवू नये. उपाशी बैल ठेवण्यापेक्षा तो न ठेवण्यात अधिक दया आहे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण बैलाचे खांदे हळद-तुपाने शेकतो आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतो. या जिल्ह्यातले आपले गोंड बांधवही हा सण भक्तीने पाळतात. आवतण एका दिवसाचे असते; बैल वर्षभर दारात उभा असतो. उरलेल्या दिवसांच्या पंगतीची सोय ज्याच्या पेरणीत आहे, त्याचेच ते आवतण खरे.

गुरुजी, परिच्छेद पुरा केला आहे. उशीर झाला, याची क्षमा असावी.