तिवरांवरचा पतंग

गेल्या बैठकीत आपल्यात जुंपलीच होती. पाऊस ओसरला आणि खाडीकाठची तिवरं करपल्यासारखी दिसू लागली, पानांच्या नुसत्या शिरा उरल्या. निम्म्या जणी म्हणाल्या, पंपाने औषध मारू या. खरं सांगते, मीही त्यांच्यातच होते.

मग एकीने पानावर दोन अळ्या आणून दाखवल्या. एक फिकट हिरवी, दुसरी काळीकुट्ट. आम्हाला वाटलं, दोन किडी आल्या. पण कीड एकच, शास्त्रीय नाव हिब्लिया प्युएरा. सागाची पानं फस्त करते तीच ही. अळ्या विरळ असल्या तर हिरवट राहतात, दाटीवाटीने वाढल्या की काळपट होतात.

पतंगही तसाच फसवा. पंख पसरले तरी दीडेक इंचाचा, बसला की वाळकं पान. वरचे पंख कुणाचे राखाडी, कुणाचे विटकरी. पंख उघडले की खालच्या काळसर पंखांवर नारिंगी पट्टे दिसतात, ती खूण धरा.

आता औषधाचं. भरतीचं पाणी तिवराच्या बुंध्याशी येतं. फवारलेलं सगळं तिथेच उतरणार, आणि तिथेच आपल्या तिसऱ्या, कालवं, चिंबोऱ्या. तिवर एवढ्याने सहसा मरत नाही, काही आठवड्यांत पुन्हा पालवतं. अळ्या वेचायला पक्षी येतातच.

तेव्हा वाळलं म्हणून सरपणासाठी कोयता लावू नका. तिवर तोडायला कायद्यानेही बंदी आहे. पुढच्या मोठ्या ओहोटीला आपण सगळ्या कोंब बघायला जाऊ. चिखल आहे, चपला घरीच ठेवा.