मार्कांआधी झोपेची चौकशी



कॉलेजं सुरू होऊन दोन-तीन महिने झाले की आम्हा मानसोपचारतज्ज्ञांकडे एक ठरावीक तक्रार घेऊन मुलं येऊ लागतात. वय अठरा-एकोणीस, सोबत वडील किंवा मामा, आणि हातात फाइल. फाइलीत रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, पोटाची सोनोग्राफी. सगळं नॉर्मल. तरी डोकं दुखतं, छातीत धडधडतं, जेवण जात नाही, रात्री डोळा लागत नाही. ‘मनाला काही त्रास आहे का?’ असं विचारलं तर उत्तर येतं, ‘छे, काही नाही.’ पण ‘अभ्यासात मन लागतं का?’ असं विचारलं की डोळे भरून येतात.

बीदर आणि कलबुर्गी या आपल्या सीमाभागातल्या विद्यार्थ्यांबद्दल मला आज एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची आहे. या वयात मनाचा त्रास बहुधा आधी शरीरातून बोलतो. झोप मोडते, भूक मरते, डोकं धरतं. त्या वेळी कुणी आपल्या माणसानं, आपल्या भाषेत, नीट चौकशी केली तर बहुतेक मुलं सावरतात. चौकशी उशिरा झाली की त्रास वाढलेला असतो.

आपल्या भागात उच्च शिक्षण किती झपाट्यानं आलं ते बघा. 1980 साली कलबुर्गीत गुलबर्गा विद्यापीठ स्थापन झालं. बीदरला पशुवैद्यकीय विद्यापीठ 2004 मध्ये आलं, वैद्यकीय महाविद्यालय त्यानंतर तीन वर्षांनी. आळंद तालुक्यातल्या कडगंचीच्या केंद्रीय विद्यापीठाची स्थापना 2009 मध्ये झाली आणि 2023 मध्ये बीदर विद्यापीठही झालं. राज्यघटनेच्या 371 (जे) कलमामुळे इथल्या मुलांना राखीव जागा मिळाल्या. औराद, भालकी, कमलनगर, बसवकल्याण या तालुक्यांतल्या ज्या घरांतून आधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, त्या घरांतल्या मुली आज एमएस्सी करत आहेत. मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

पण अशा एखाद्या मुलीचा दिवस कसा जातो याचा विचार करा. दहावीपर्यंत तिचं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, पुस्तकं इंग्रजी आली. ऑफिसात आणि बसमध्ये कन्नड, हॉस्टेलच्या खोलीत दखनी किंवा हिंदी, आणि मराठी फक्त रात्री घरी फोन लावल्यावर. वर्गात शिकवलेलं तिला समजत नाही, असं मुळीच नाही. समजायला दुप्पट वेळ लागतो, एवढंच. हा जादा वेळ आणायचा कुठून? ती तो झोपेतून काढते. पहिल्या सेमिस्टरच्या अंतर्गत परीक्षेत मार्क कमी पडले की आणखी एक तास कापते. दीड-दोन महिन्यांत डोकं दुखू लागतं, वाचलेलं लक्षात राहत नाही, आणि मग तिला वाटू लागतं की आपली लायकीच नाही.

म्हणून मी झोपेपासून सुरुवात करतो. अठरा ते पंचवीस या वयात सात ते नऊ तास झोप लागते. दिवसभर वाचलेलं मेंदू पक्कं करतो ते झोपेत. रात्र जागून वाचलेला धडा सकाळी पेपरात आठवत नाही, तेव्हा दोष तुमच्या बुद्धीचा नसतो, मेंदूला ते साठवायला वेळच मिळालेला नसतो. रात्री दहाला घेतलेल्या चहा-कॉफीतलं जवळपास अर्धं कॅफिन पाच तासांनीही अंगात असतं. तेव्हा संध्याकाळनंतर चहा बंद. झोपायची वेळ मागेपुढे झाली तरी चालेल, पण उठायची वेळ रविवारीसुद्धा तीच ठेवा. मोबाइल उशाशी ठेवू नका, खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लावा. अंथरुणात पडून वीस-पंचवीस मिनिटं झोप आली नाही तर उठून बसा, मंद दिव्यात काहीतरी हलकं वाचा, डोळे जड झाले की परत पडा. तळमळत पडून राहिल्यानं अंथरुणाचीच धास्ती बसते.

आपल्याकडे उन्हाळ्यातल्या परीक्षांचा आणखी एक त्रास असतो. बीदर पठारावर आहे, तिथं रात्री थोडा गारवा मिळतो. कलबुर्गीत पारा चाळिशी पार करतो आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धगधगतो. अशा दिवसांत जास्तीचं वाचन पहाटे करा, रात्री नको. आणि वॉर्डनसाहेब, त्या महिन्यांत मुलांना थंड पाण्याची आणि हवेशीर जागी झोपण्याची सोय करून देणं हे तुमच्याकडून होणारं मोठं आरोग्यकार्य आहे.

जेवणाबद्दल थोडक्यात सांगतो. महिनाअखेरीला पैसे वाचवायचे म्हणून बरीच मुलं एका वेळचं जेवण सोडतात आणि कुणाला सांगत नाहीत. मुलींच्या बाबतीत आधी हिमोग्लोबिन तपासा. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या शंभरातल्या एकोणसाठ मुलींना रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलं, थायरॉइडचा बिघाड असला किंवा बी-12 कमी पडलं, तर थकवा येतो, उदास वाटतं, लक्ष लागत नाही. घरचे मात्र म्हणतात, पोरगी आळशी झाली. भाकरी, तुरीचं वरण, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी हे आपलं रोजचं जेवण चांगलंच आहे. ते दोन्ही वेळा पोटात गेलं पाहिजे. तपासण्या नॉर्मल आल्या तर ‘काही झालेलं नाही’ म्हणून विषय मिटवू नका. त्यानंतरच खरी विचारपूस सुरू करायची असते.

मग साधं टेन्शन कुठलं आणि आजार कुठला? परीक्षेची धडधड परीक्षा संपली की ओसरते. पण दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज, मन उदास राहत असेल, आवडत्या गोष्टींत रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल, स्वतःबद्दल सतत वाईट विचार येत असतील, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार लागतात. काहींना अचानक छाती भरून येते, श्वास अडतो, हातपाय गार पडतात, ‘आता मी मरतो’ असं वाटतं, आणि दहा-वीस मिनिटांत ते ओसरतं. पहिल्यांदा असं झालं तर डॉक्टरांकडून हृदय जरूर तपासून घ्या. हृदय ठीक निघालं तर तो बहुधा भीतीचा झटका असतो. तो भयंकर वाटतो, पण त्यानं जीव जात नाही आणि तो बरा करता येतो. त्या क्षणी श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या. हळूहळू, लांब सोडा.

एका गटाची मला विशेष काळजी वाटते. बीदर काय किंवा शेजारचं लातूर काय, ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीची ही मोठी केंद्रं आहेत. एक वर्ष, मग रिपीटर म्हणून दुसरं, कधी तिसरं. ज्यांना वैद्यकीय प्रवेश मिळत नाही, ती मुलं डिग्री कॉलेजात बीएस्सीला येतात ती मान खाली घालूनच. त्यांच्या बरोबरीचे पुढे गेलेले असतात आणि गावात लग्नकार्याला गेलं की प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो. म्हणून ती गावी जायचं टाळतात, मित्रांचे फोन घेत नाहीत. प्राध्यापकांनो, तुमच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात शेवटच्या बाकांवर अशी दोन-चार मुलं नक्की बसलेली असतील. त्यांना नावानं हाक मारा, प्रयोगशाळेत काहीतरी जबाबदारी द्या. एका परीक्षेवरून त्यांची किंमत ठरवणारा समाज चुकतो आहे, असं मी स्पष्ट म्हणतो.

आता आई-वडिलांसाठी. काका, मावशी, तुम्ही रात्री मुलाला फोन करता तेव्हा पहिला प्रश्न कुठला असतो? ‘पेपर कसा गेला? मार्क किती पडले?’ तो प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा, काल किती वाजता झोपलास, आज काय जेवलास, दिवसभर कुणासोबत होतास. तिन्हींची उत्तरं टाळाटाळीची येऊ लागली, किंवा रोज बोलणारी मुलगी ‘हं, हं’ करून फोन ठेवू लागली, तर पुढच्या बसनं भेटायला जा. ‘तुझ्यासाठी शेत गहाण ठेवलंय’ हे वाक्य तुम्ही मायेनंच बोलता, पण नापास झालेल्या मुलाच्या छातीवर ते दगडासारखं बसतं. त्याऐवजी म्हणा, ‘काही झालं तरी तू घरी ये.’ हे आधीच, सगळं बरं चाललेलं असताना सांगून ठेवलेलं असलं पाहिजे.

खोलीतल्या मित्रांनो, मित्राचा त्रास तुम्हाला बऱ्याचदा डॉक्टरांच्या आधी कळतो. आपल्या देशात 2022 या एका वर्षात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. मित्र म्हणाला, ‘आता जगण्यात काही अर्थ नाही’, आपल्या वस्तू वाटू लागला, सगळ्यांची माफी मागू लागला, तर ते हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ असं विचारल्यानं तो विचार मनात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि लगेच वॉर्डनना, घरच्यांना कळवा. ‘कुणाला सांगू नको’ म्हणून त्यानं शपथ घातली असेल तर ती मोडा. रागावलेल्या मित्राची पुढे समजूत तरी काढता येते.

उपचारांबद्दल गैरसमज फार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला म्हणजे वेडा ठरला, असं नाही. नैराश्याच्या गोळ्या झोपेच्या गोळ्या नसतात, त्यांचं व्यसन लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत सोडू नका, आणि बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. मेडिकलच्या दुकानातून स्वतःच्या मनानं झोपेच्या गोळ्या घेणं मात्र धोक्याचं आहे, त्यांची सवय लागते. दारूनं झोप आल्यासारखी वाटते, पण ती मोडकीतोडकी असते आणि उदासी वाढते. मैलारच्या खंडोबाला जा, माणिकनगरला जा, दर्ग्यात चादर चढवा. श्रद्धेनं धीर मिळतो. त्याच आठवड्यात डॉक्टरांचीही वेळ घ्या. बीदर, कलबुर्गी, लातूर तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. तुम्ही तिथं सांगितलेलं गुप्त ठेवणं 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं बंधनकारक आहे. जिवाला धोका असल्यासारख्या मोजक्या प्रसंगांचाच त्याला अपवाद.

बीदरमध्ये महमूद गवानचा मदरसा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. 1472 सालच्या त्या इमारतीत वर्गांबरोबर ग्रंथालय होतं, आणि विद्यार्थी व गुरुजन यांच्या राहण्याच्या खोल्याही होत्या. शिकवणारा माणूस शिकणाऱ्याच्या हाकेच्या अंतरावर राहत होता. आजच्या कॉलेजांत हे अंतर फार वाढलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं 25 जुलै 2025 रोजी निकाल दिला आहे की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असला पाहिजे. मार्कांवरून तुकड्या पाडू नका, चारचौघांत अपमान करू नका, हेही त्यात सांगितलं आहे. प्राचार्यांना माझी विनंती आहे की ही नेमणूक कागदावर राहू देऊ नका, आणि आपल्या भागात नेमताना मराठीही येणारी व्यक्ती निवडा. इंग्रजीत ‘आय अ‍ॅम फाइन’ म्हणणारी मुलगी मराठीत दोन मिनिटांत सगळं सांगते. रॅगिंग होत असेल किंवा जातीवरून कुणी टोचत असेल, तर तिला नुसता धीर देऊन भागणार नाही. ते थांबवणं ही संस्थेची जबाबदारी आहे. रॅगिंगविरोधी मदतवाहिनी आहे 1800-180-5522.

शेवटी कागद-पेन घ्या आणि एक क्रमांक लिहून ठेवा. टेलि-मानस, 14416. ही केंद्र सरकारची सेवा 2022 च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. दिवसरात्र, मोफत. फोन लावल्यावर भाषा निवडता येते, त्यात मराठी आहे आणि कन्नडही. नाव सांगितलंच पाहिजे असं नाही. विद्यार्थ्यांनो, रात्री दोन वाजता कुणाला उठवायचं असा प्रश्न पडला, तर हा फोन लावा. पालकांनो, वॉर्डननो, तुम्हीही लावू शकता, मुलाशी कसं बोलावं हे विचारायला. हा क्रमांक आज रात्री मुलाच्या मोबाइलमध्ये साठवून द्या. चार, चार, एक, सहा, आणि त्याआधी एक: 14416.