भाड्याच्या खालची दुसरी ओळ

(जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय कळल्यावर दोघातिघांनी मला विचारले, की एरवी आपण इथे शिक्षण, जात, अंधश्रद्धा अशा विषयांवर बोलतो, मग हे वीज-पाण्याचे बिल मध्येच कुठून आले? प्रश्न रास्त आहे. माझे म्हणणे इतकेच, की जर्मनीत निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याच्या घरात राहतात आणि नव्याने आलेले आपले लोक तर जवळजवळ सगळेच. कायद्याने भाडेकरूच्या हातात हिशेब तपासायचा हक्क दिलेला आहे. हा हक्क आपल्यातले फार थोडे लोक वापरतात. दिवसभर प्रयोगशाळेत किंवा ऑफिसात प्रत्येक आकड्याचा उगम विचारणारी माणसे घरी आलेले चार पानी बिल मात्र न वाचता भरून टाकतात.

तर सुरुवात जाहिरातीपासून. घराच्या जाहिरातीत एक 'काल्टमीटे' असते, म्हणजे नुसत्या जागेचे भाडे. त्याखालच्या दुसऱ्या ओळीत 'नेबेनकोस्टेन', म्हणजे इमारत चालवायचा खर्च आणि बहुधा हीटिंग. दोन्हींची बेरीज 'वार्ममीटे'. आपण बेरीज बघतो, पगाराशी ताडतो आणि सही करतो. पण पहिली ओळ किंमत आहे आणि दुसरी ओळ फक्त अंदाज आहे. दर महिन्याला तुम्ही जे भरता तो आगाऊ हप्ता, 'फोरआउसत्सालुंग'. खरा हिशेब वर्ष संपल्यावर होतो आणि कमी पडलेली रक्कम तुमच्याकडून मागितली जाते. करारात 'पाउशाले' हा शब्द असेल तर गोष्ट वेगळी. ती ठोक रक्कम, तिचा नंतर हिशेब होत नाही. सही करण्यापूर्वी या दोहोंपैकी कोणता शब्द आहे एवढे तरी बघा.

आता हा अंदाज घरमालकाने मुद्दाम कमी लिहिला तर? जाहिरातीत बेरीज लहान दिसावी म्हणून तसे होते. कार्ल्सरूहच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने, म्हणजे बुंडेसगेरिख्ट्सहोफने, २००४ मध्ये सांगितले, की हप्ता खऱ्या खर्चापेक्षा बराच कमी असणे हा एवढ्यानेच मालकाचा गुन्हा ठरत नाही. त्याने जाणूनबुजून फसवले असेल तर भाग वेगळा, पण ते सिद्ध करणे कठीण. म्हणून आपला अंदाज आपणच करावा. तो करायला पाच मिनिटे लागतात.

घर दाखवताना मालकाने 'एनेर्गीआउसवाइस', म्हणजे इमारतीचा ऊर्जा-दाखला, दाखवलाच पाहिजे असा नियम आहे. त्यावर हिरव्यापासून लालपर्यंत एक पट्टी असते, 'ए प्लस' ते 'एच', आणि एक आकडा असतो : दर चौरस मीटरला वर्षाला इतके किलोवॅट-तास. त्यातला 'एंडएनेर्गी'चा आकडा घ्या. समजा तो १६० आहे, म्हणजे जुने, फारसे इन्सुलेशन नसलेले घर. तुमचे घर ७० चौरस मीटर. आपण लगेच १६० गुणिले ७० करतो, आणि इथेच गफलत होते. दाखल्यातला चौरस मीटर राहत्या जागेचा नाही. तो इमारतीचे एक तांत्रिक क्षेत्रफळ धरतो, जे बहुमजली इमारतीत राहत्या जागेच्या साधारण १.२ पट असते. म्हणून १६० गुणिले १.२ गुणिले ७० : सुमारे १३,४०० किलोवॅट-तास. गॅसचा दर ११ सेंट धरला तर वर्षाला १,४७८ युरो, महिन्याला १२३. बाकीचे खर्च, म्हणजे पाणी, कचरा, जिन्याची सफाई, विमा, घरपट्टी, हे चौरस मीटरला १.४० युरो धरा. शहरागणिक कमीजास्त होईल. ते झाले ९८. एकूण २२१ युरो. जाहिरातीत १५० लिहिले असतील तर महिन्याला ७१ कमी, वर्षाअखेर साडेआठशे युरोंचे पत्र. हे पत्र येणार हे घर बघतानाच कळले असते. घर आवडले तर जरूर घ्या, पण ते ७१ युरो दरमहा बाजूला टाका.

या दोन्ही ओळींत न येणारा खर्चही लक्षात असू द्या. घरातल्या विजेचा करार बहुतेक ठिकाणी तुम्हीच करायचा असतो. केला नाही तरी दिवे लागतात, पण 'ग्रुंडफेरझोर्गुंग' नावाच्या, सहसा महागड्या, मूळ दराने. त्यातून दोन आठवड्यांच्या सूचनेने बाहेर पडता येते. रेडिओ-टीव्हीचा हप्ता घरटी असतो, २०२१ पासून महिना १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो.

आता वर्षाअखेरच्या हिशेबाकडे येऊ. कोणता खर्च भाडेकरूवर टाकता येतो याची यादी १ जानेवारी २००४ पासून लागू असलेल्या 'बेट्रीब्सकोस्टेन-फेरऑर्डनुंग' या नियमावलीत आहे. सतरा कलमे आहेत. सतरावे 'इतर' असे आहे, पण त्यात काय काय येते ते करारात नावानिशी लिहिलेले असावे लागते. दोन गोष्टी या यादीत येऊच शकत नाहीत : मालकाचा व्यवस्थापनाचा खर्च, 'फेरवाल्टुंग', आणि दुरुस्ती. नेमक्या याच दोन गोष्टी वेगवेगळी नावे घेऊन आत शिरतात. लिफ्टच्या देखभालीच्या करारात दुरुस्ती धरलेली असते. हाउसमाइस्टर नळ बदलतो, त्या तासांचा पगारही आपल्याकडे येतो. धूर-सूचक यंत्रे विकत न घेता भाड्याने आणली तर ते भाडे भाडेकरूवर टाकता येत नाही, असे न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. इमारतीच्या केबल टीव्हीचा खर्च १ जुलै २०२४ पासून यादीतून बाहेर आहे.

काही निकाल आपल्या विरोधातही जातात, तेही सांगते. तळमजल्यावर राहणाऱ्याने लिफ्टचा वाटा द्यायचा का? २००६ चा निकाल : करारात असेल तर द्यायचा. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या सोसायटीच्या सभेत हा वाद ज्यांनी ऐकला असेल त्यांना हसू येईल. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींतही लिफ्टचा खर्च सर्व सदनिकांना समान असतो, आणि तळमजल्याचे काका दरवर्षी उठून उभे राहतातच. फरक एवढाच, की तिथे ती सभा मालकांची असते आणि भाडेकरूला तिथे खुर्ची नसते. इथे मालकांच्या सभेत भाडेकरूला प्रवेश नसला तरी पावत्या बघण्याचा कायदेशीर हक्क आहे. त्यासाठी कारण द्यावे लागत नाही. हीटिंगच्या हिशेबात शेजाऱ्यांचे वापराचे आकडेही बघता येतात, असा २०१८ चा निकाल आहे. त्याच वर्षीचा आणखी एक निकाल असा, की हिशेबात प्रत्यक्ष क्षेत्रफळ धरायचे, करारात लिहिलेले नव्हे. टेप घेऊन एकदा घर मोजा.

हीटिंगबद्दल थोडे सविस्तर बोलते, कारण सगळ्यात मोठी रक्कम तिथे असते आणि गैरसमजही तिथेच आहेत. एकत्रित हीटिंग असेल तर एकूण खर्चाचा निदान ५० आणि जास्तीत जास्त ७० टक्के भाग वापरानुसार वाटतात, उरलेला सहसा क्षेत्रफळानुसार. म्हणजे तुम्ही सहा महिने भारतात होतात आणि सगळे रेडिएटर बंद होते, तरी बिल शून्य येत नाही. रेडिएटरवर बसवलेले ते लहानसे यंत्रही किलोवॅट-तास मोजत नाही. ते नुसते 'एकक' मोजते. इमारतीचा वापरावर वाटायचा खर्च भागिले सगळ्यांची एकके, असा एककाचा भाव निघतो. त्यामुळे हिवाळा सौम्य गेला आणि सगळ्यांची एकके उतरली, तरी तुमचे बिल त्याच प्रमाणात उतरेल असे नाही. शेजाऱ्याशी तुलना करताना हेही बघा, की वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या घराला त्याच २१ अंशांसाठी मधल्या घरापेक्षा जास्त उष्णता लागते, आणि त्याबद्दल सवलत मिळत नाही. वापर मोजायलाच हवा असताना मालकाने सगळेच क्षेत्रफळावर वाटले, तर तुमच्या वाट्यातून १५ टक्के कापायचा हक्क तुम्हाला आहे.

आपल्या हातात किती? एक अंश तापमान वाढवले की हीटिंग साधारण सहा टक्क्यांनी वाढते. आई-बाबा डिसेंबरात आले आणि खोली २० ऐवजी २४ वर ठेवली, तर तेवढ्या काळापुरता पाचवा-चौथा हिस्सा जास्त. म्हणून त्यांना थंडीत बसवू नका. आकडा माहीत असला म्हणजे बिलाचा धक्का बसत नाही. गरम पाण्याचे गणित मला जास्त आवडते. वीस लिटरची बादली दहा अंशांवरून चाळीसवर न्यायला ०.७ किलोवॅट-तास लागतो. दहा मिनिटांच्या शॉवरला शंभर लिटर धरले तर साडेतीन. चार माणसांचे कुटुंब रोज शॉवर घेत असेल तर वर्षाला पाच हजारांच्या वर जाते. बादलीचा एवढा शास्त्रशुद्ध पुरस्कार माझ्या आजीनेही केला नसता.

आता एक तुलनेने नवा कायदा, जो मला न्याय्य वाटतो आणि ज्याची माहिती फार कमी आहे. गॅस आणि तेलावर २०२१ पासून कार्बनचा दर आहे. तेव्हा टनाला २५ युरो होता, २०२५ मध्ये ५५ झाला. आधी तो पूर्ण भाडेकरू भरत असे. पण भिंतींना इन्सुलेशन करायचे की नाही, बॉयलर बदलायचा की नाही, हे मालक ठरवतो. १ जानेवारी २०२३ पासून हा खर्च दहा पायऱ्यांनी वाटला जातो. चौरस मीटरला वर्षाला १२ किलोपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या इमारतीत सगळा भाडेकरूचा; ५२ किलो किंवा त्याहून जास्त असेल तर ९५ टक्के मालकाचा. आपले मघाचे घर घ्या : १३,४०० किलोवॅट-तासांना साधारण २,७०० किलो, म्हणजे चौरस मीटरला ३८. या पायरीवर मालकाचा वाटा ६० टक्के. ५५ युरोच्या दराने हे जवळपास ९० युरो होतात. हिशेबात ही वाटणी दाखवलेलीच नसेल तर हीटिंगच्या रकमेतून तीन टक्के कापता येतात. गॅसचा करार तुमच्या स्वतःच्या नावावर असेल तर मात्र मालकाचा हिस्सा कोणी आपणहून देत नाही, मुदतीत मागावा लागतो.

एक अलीकडची गोष्ट सांगते. आमच्या शहरातल्या एका तरुण मराठी जोडप्याला १,१४० युरोंचे बिल आले. नवऱ्याने त्याच संध्याकाळी पैसे पाठवायची तयारी केली होती. कारण विचारले तर म्हणाला, "ताई, नको वाद. परवान्याचे नूतनीकरण आहे पुढच्या महिन्यात." ही भीती मी अनेक घरांतून ऐकली आहे. मालकाकडे पावत्या मागण्याचा आणि राहण्याच्या परवान्याचा काडीचाही संबंध नाही. आम्ही तिघांनी बसून हिशेब वाचला. व्यवस्थापन म्हणून १५६ युरो, धूर-सूचकांचे भाडे २४, लिफ्टच्या दुरुस्तीचा वाटा ११०, आणि मालकाचा न दाखवलेला कार्बन-हिस्सा ८५. एक सभ्य पत्र, सोबत पावत्या बघण्याची विनंती. पाच आठवड्यांनी सुधारित हिशेब आला : ७६५ युरो. हे ७६५ खरोखरच देणे होते, कारण त्यांचा मासिक हप्ताच मुळात अपुरा होता. ते त्यांनी भरले, आणि हप्ता वाढवून घेतला.

मुदतींचे तेवढे पक्के ध्यानात ठेवा. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत हिशेब तुमच्या हातात पडला पाहिजे. उशीर मालकाच्या चुकीने झाला असेल तर तो वाढीव रक्कम मागू शकत नाही. तुमचे पैसे परत निघत असतील तर ते मात्र उशिरानेही द्यावेच लागतात. तुम्हाला आक्षेपासाठी हिशेब मिळाल्यापासून बारा महिने आहेत. शंका असेल तर रागाने मासिक भाडे अडवू नका, त्यातून घर जाऊ शकते. बिलाची रक्कम 'उंटर फोरबेहाल्ट', म्हणजे हक्क राखून, असे लिहून भरता येते. मीटरफेराइन, म्हणजे भाडेकरू संघ, बहुतेक शहरांत आहे. वर्षाची वर्गणी शंभर युरोंच्या आतबाहेर असते आणि ते कागद तपासून देतात. आणि हिशेब फेकू नका : सफाई, बागकाम, हाउसमाइस्टर यांच्या मजुरीतला २० टक्के भाग, ठरावीक मर्यादेत, प्राप्तिकरातून वजा होतो.

शेवटी, जे घर सोडून दुसऱ्या गावी किंवा कायमचे भारतात चालले आहेत त्यांच्यासाठी. किल्ल्या देताना सगळ्या मीटरचे आकडे लिहून, फोटो काढून, दोघांच्या सह्या घ्या. मध्येच घर सोडल्याबद्दल जादा मीटर-वाचनाचे शुल्क लावले तर करार बघा. करारात काही नसेल तर ते मालकाचे. तुम्ही २०२५ च्या फेब्रुवारीत घर सोडले आणि हिशेबाचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असले, तर त्या दोन महिन्यांचा हिशेब ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत येऊ शकतो, आणि तोवर अनामतीचा काही भाग मालक रोखू शकतो. तेव्हा नवा पत्ता लेखी द्या, आणि जर्मनीतले बँक खाते तेवढे दिवस चालू राहू द्या.

ज्यांनी आपापले हिशेब बरोबर आणले आहेत त्यांनी चहानंतर खिडकीजवळच्या टेबलाशी यावे. कॅल्क्युलेटर मी आणला आहे.