सुएझचा धडा



वसाहतवादातून मुक्त झालेल्या राष्ट्रांमुळे जगातील सत्तेचा समतोल कसा बदलला, हे १९५६ सालच्या सुएझ प्रकरणावरून स्पष्ट होते. १८६९ मध्ये खुला झालेला हा कालवा इजिप्तच्या भूमीवर होता. कारभार मात्र प्रामुख्याने ब्रिटिश व फ्रेंच भागधारकांच्या कंपनीकडे होता. आस्वान धरणासाठी देऊ केलेले साहाय्य अमेरिका व ब्रिटनने मागे घेताच २६ जुलै १९५६ रोजी अध्यक्ष नासर यांनी कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले.

सप्टेंबरमध्ये बहुतेक परदेशी पायलट काम सोडून गेले. वाहतूक कोलमडेल, अशी अटकळ होती. परंतु उरलेल्या व नव्या सहकाऱ्यांसह इजिप्शियन पायलटांनी जहाजे चालू ठेवली. ऑक्टोबरअखेर इस्रायल, ब्रिटन व फ्रान्स यांनी आक्रमण केले आणि कालवा बंद पडला. अमेरिकेचा आर्थिक दबाव, सोव्हिएत इशारा व संयुक्त राष्ट्रांचे ठराव यांपुढे ब्रिटन व फ्रान्सला डिसेंबरमध्ये फौजा मागे घ्याव्या लागल्या. एप्रिल १९५७ मध्ये कालवा इजिप्तच्याच व्यवस्थापनाखाली पुन्हा खुला झाला.

फौजा परतल्या त्या मुख्यतः महासत्तांच्या दबावामुळे, हे विसरून चालणार नाही. कालवा चालवून दाखविला तो मात्र इजिप्तच्या प्रशिक्षित माणसांनी. हक्क मिळविल्यानंतर कारभार पेलण्याची तयारी नसेल, तर तो हक्क कागदावरच राहतो.