नियम एकदाच लिहावा



वाशीम जिल्ह्यात सोयाबीन वर आलं, की शेतकरी बांधावर उभा राहून मोबाइलवर पिकाची नोंद करतो. ही ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. अशा कामातला एक साधा नियम घ्या: पिकाखालचं क्षेत्र सातबाऱ्यावरच्या क्षेत्राहून जास्त भरता कामा नये. मोबाइलसाठी तो एका संगणकभाषेत लिहायचा, कार्यालयातल्या संगणकासाठी दुसरीत, माहिती साठवणाऱ्या सर्व्हरसाठी कदाचित तिसरीत. नियम बदलला की सगळीकडे दुरुस्ती, आणि एखादी जागा हमखास राहून जाते.

त्यावरचा उपाय असा, की नियम कुठल्याही यंत्राचं नाव न घेता एकदाच मांडायचा. शेतकरी, गट, पीक, क्षेत्र यांचं एकमेकांशी नातं काय, मर्यादा कोणती, याचा नेमका आराखडा करायचा. हे झालं मॉडेल. मग जनरेटर नावाचा प्रोग्रॅम त्यातून ज्या त्या यंत्राचा कोड काढतो. यूएमएल ही आराखड्यांची चिन्हभाषा १९९७ साली प्रमाण ठरली, आणि २००१ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने या पद्धतीचा जगभर पुरस्कार केला. पुण्यात मात्र टाटांच्या संशोधन केंद्रात विनय कुलकर्णी, श्रीधर रेड्डी आणि त्यांचे सहकारी नव्वदच्या दशकातच या कामाला लागले होते. त्यांचं साधन म्हणजे मास्टरक्राफ्ट.

या पद्धतीत दोन अडचणी येतात. घाईत कुणी आराखडा सोडून थेट कोडमध्येच दुरुस्ती करतं. पुढच्या वेळी जनरेटर चालवला की ती पुसली जाण्याची भीती असते. ही अडचण शिस्तीने सुटते. दुसरी अवघड आहे. आपल्याकडे सोयाबीनच्या चार तासांनंतर, म्हणजे ओळींनंतर, तुरीचे दोन तास असतात. आराखडा करणाऱ्याने ‘एका गटात एकच पीक’ असं धरलं, तर ती चूक सगळ्या यंत्रांवर बिनबोभाट उतरते. हाताने लिहिताना निदान एखादा प्रोग्रॅमर ‘हे असं कसं?’ म्हणून थबकला असता! म्हणून रिसोड-मानोऱ्याकडचे शेतकरी आणि तलाठी आराखडा होतानाच सोबत बसले पाहिजेत. ॲप झाल्यावर चाचणीला बोलावणं म्हणजे उशीरच.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषिक मॉडेलं साध्या मराठी वाक्यावरूनही कोड लिहितात. पण जनरेटर त्याच आराखड्यातून दर वेळी तोच कोड देतो. भाषिक मॉडेलांची तशी खात्री नसते. त्यांच्याकडून आराखड्याचा कच्चा मसुदा करून घ्यावा, तो गावात वाचून दाखवावा आणि कोडचं काम जनरेटरकडेच ठेवावं, असं माझं मत आहे.