सुट्टी कुणाची, दिवस कुणाचा?



आज सुट्टीविषयी बोलायचं आहे. निवृत्त माणसाने सुट्टीवर काय बोलावं, असं म्हणाल. पण पीण्यात हा विषय टाळता येत नाही. तुमकूर रस्त्यालगतची ही औद्योगिक वसाहत इतकी मोठी, की मेट्रोच्या एका स्थानकाचं नावच 'पीण्या इंडस्ट्री' आहे. लेथ, प्रेस, ग्राइंडर यांचा आवाज सकाळपासून कानावर असतो. ज्या दिवशी तो थांबतो, त्या दिवशी तो का थांबला, हे आपल्याला माहीत हवं.

आधी कायदा बघू. कर्नाटकात कारखान्यांच्या राष्ट्रीय आणि सणांच्या सुट्ट्यांसाठी १९६३ चा वेगळा कायदा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर हे पाच दिवस ठरलेले. त्याशिवाय सणांच्या पाच सुट्ट्या, त्या मालक आणि कामगार यांच्याशी सल्लामसलत करून ठरतात. सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलं, तर दुप्पट मजुरी किंवा मजुरीसोबत बदली सुट्टी. म्हणजे सुट्टी ही मेहरबानी नव्हे, हक्क आहे.

सणांमध्ये पीण्याचा खरा सण आयुधपूजा. आपल्याकडची खंडेनवमीच ती. यंत्रं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालतात, केळीचे खुंट बांधतात, कुंकू भरलेला कोहळा फोडतात, चुरमुरे वाटतात. आम्ही फौजेत रायफलीची पूजा करायचो, इथे कामगार स्पॅनरची करतो. भाव एकच: ज्याच्यावर पोट आणि जीव अवलंबून, त्याला वर्षातून एकदा नमस्कार. फक्त फोडलेला कोहळा रस्त्यावरून उचला, त्यावरून दुचाकी घसरतात.

आता ठरलेल्या दिवसांपैकी दोन बघा. १ मे. शिकागोच्या १८८६ च्या लढ्यातून हा कामगारांचा दिवस झाला, भारतात तो पहिल्यांदा १९२३ मध्ये मद्रासला साजरा झाला. आपल्याला मात्र तो १९६० चा महाराष्ट्र दिन म्हणून ठाऊक. त्यामागे शंभराहून अधिक हुतात्मे आहेत. पीण्यातल्या मराठी कामगाराला त्या दिवशी सुट्टी मिळते, पण कामगार म्हणून.

दुसरा दिवस १ नोव्हेंबर, आणि इथे मन अडखळतं. १९५६ साली या दिवशी कन्नड भाषकांचं राज्य एकत्र आलं, १९७३ साली याच तारखेला त्याचं नाव कर्नाटक झालं. इथे लाल-पिवळा झेंडा चढतो, मिठाई वाटतात. त्याच दिवशी बेळगावात मराठी माणसं काळा दिवस पाळतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडून इथे नोकरीला आलेल्या तरुणाने मग काय करावं?

माझं मत स्पष्ट सांगतो. सीमेचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला आहे. निकाल तिथे लागायचा, पीण्यातल्या गेटवर नाही. गावाकडचं दुःख खरं आहे, ते कुणी विसरायला सांगू नये. पण शेजारच्या लेथवर उभ्या असलेल्या कन्नड मित्राचा आनंदही खरा आहे. त्याने दिलेला पेढा खाल्ला म्हणून दावा सुटत नाही. आणि एक लक्षात घ्या: कर्नाटक एकीकरणाचे अध्वर्यू आलूर वेंकटराव पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले, टिळकांचा 'गीतारहस्य' त्यांनीच कन्नडमध्ये नेला. या राज्याच्या स्वप्नाला पुण्याचंही पाणी मिळालं आहे.

एका तारखेला दोन अर्थ असणं ही आपलीच अडचण नाही. पॅसिफिक महासागरातला फिजी हा बेटांचा देश घ्या. १० ऑक्टोबर १८७४ ला फिजी ब्रिटिशांच्या ताब्यात गेला आणि १० ऑक्टोबर १९७० ला स्वतंत्र झाला. गेला त्याच तारखेला परत मिळाला. तिथे दिवाळीची सरकारी सुट्टी आहे, नाताळची आणि पैगंबर जयंतीचीही. १८७९ पासून उसाच्या मळ्यांसाठी करारावर साठ हजारांवर भारतीय तिथे नेले गेले. त्यांच्या आठवणीचा गिरमिट दिन सार्वजनिक सुट्टी झाला तो थेट २०२३ मध्ये. बोट किनाऱ्याला लागल्यावर १४४ वर्षांनी! मजुराचं दुःख कॅलेंडरवर यायला इतका वेळ लागला. एखाद्या समाजाला सुट्टी देणं म्हणजे 'तुम्हीही इथलेच' असं लेखी देणं.

फौजेत आम्ही दुसऱ्याचा सण साध्या रीतीने सांभाळायचो. दिवाळीला ख्रिस्ती किंवा मुसलमान जवान पहाऱ्याला पुढे होई, नाताळला आणि ईदला हिंदू. पहारा तर कुणाला तरी द्यावाच लागतो. मग ज्याचा सण नाही त्याने द्यावा.

पीण्यातही हे जमेल. भट्टी विझवता येत नाही, तिथे आपसात पाळ्या बदला. कारखान्याच्या फळ्यावरची सुट्ट्यांची यादी वाचा, पाच सणांत बाहेरून आलेल्यांचा एखादा बसतो का ते विचारा. आणि ज्याला सुट्टी घेतली की त्या दिवसाची मजुरीच मिळत नाही, असा कुणी तुमच्या शेडमध्ये असेल, तर त्याच्यासाठी बोला. कारखाना बंद, चूलही बंद, असा दिवस त्याला सण कसा वाटेल?

येत्या १ नोव्हेंबरला शेजाऱ्याला त्याच्याच भाषेत शुभेच्छा द्या, आणि १ मे ला त्याला आपल्या दिवसाची गोष्ट सांगा. तो ऐकेल.

जय हिंद.