खंड्याचे छायाचित्र आणि ओढ्याची दरड

(पक्षी सप्ताहानिमित्त पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. पहिला दिवस अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, शेवटचा डॉ. सालिम अली यांचा. हा सप्ताह पाळण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२० साली घेतला. या दिवसांत एखाद्या शाळेत पक्ष्यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले, तर त्यात एक पक्षी हमखास असतो. निळी पाठ, तांबूस पोट, शरीराच्या मानाने लांबलचक चोच, आणि पाण्यावर ओणवलेल्या काटकीवर ध्यानस्थ बसलेला. तो म्हणजे खंड्या. ग्रंथांतून त्याला धीवर असेही म्हटले आहे, आणि मासेमारीवर जगणाऱ्या पक्ष्याला कोळ्याचे हे नाव शोभते.

वाघाचे चित्र घ्यावयाचे तर ताडोबा गाठावे लागते. खंड्याला मात्र गावचा ओढा, पाटाची चारी, पाझर तलावाचा सांडवा किंवा वापरात नसलेली विहीरही पुरते. म्हणूनच हातात प्रथमच कॅमेरा घेतलेला शिक्षक किंवा विद्यार्थी त्याच्याकडे वळतो. आणि म्हणूनच त्या ओढ्याचा काठ ज्यांच्या ताब्यात आहे, त्या ग्रामपंचायतीचाही या विषयाशी संबंध येतो.

सगळे खंड्या सारखे नसतात. सर्वांत परिचित तो पांढऱ्या छातीचा खंड्या. सुमारे २८ सेंटिमीटर लांबीचा, चॉकलेटी डोक्याचा, लाल चोचीचा हा पक्षी विजेच्या तारेवर बसून नाकतोडे, सरडे, खेकडे असे काहीही टिपतो. पाण्यावाचून त्याचे अडत नाही. छोटा खंड्या जेमतेम १६ सेंटिमीटरचा, चिमणीएवढा. खरा मासेखाऊ तोच. त्याच्या चोचीवरून नरमादी ओळखता येते. नराची चोच पूर्ण काळी असते, मादीच्या खालच्या चोचीला तांबडा रंग असतो. कवड्या खंड्या काळापांढरा असून नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर येथे किंवा उजनीच्या फुगवट्यावर भिगवणच्या परिसरात तो पाहावयास मिळतो. हा पाण्यावर एका जागी पंख फडफडवीत तरंगत राहतो आणि मग सरळ खाली सूर मारतो. छायाचित्रकाराला हे काही सेकंदांचे तरंगणे म्हणजे पर्वणीच. त्याच्या छातीवर दोन काळे पट्टे असतील तर तो नर, एकच आणि तोही मध्ये तुटलेला असेल तर मादी. चौथा, कोकणातला तिबोटी खंड्या. त्याच्याविषयी पुढे सविस्तर सांगावयाचे आहे.

खंड्याचे छायाचित्रण हे प्रामुख्याने वाट पाहण्याचे काम आहे. हा पक्षी सवयीचा गुलाम असतो. त्याच्या ठरलेल्या दोनतीन बैठकी असतात आणि दिवसभर तो त्यांच्यामध्ये फेऱ्या घालतो. ज्या काटकीखाली पांढरी शीट साचलेली दिसते, ती त्याची बैठक समजावी. त्याच्या मागे काठाकाठाने धावणारा माणूस दिवसअखेर रिकाम्या हाताने परततो. उलट, पहाटे उजाडण्यापूर्वी त्या बैठकीपासून योग्य अंतरावर, सूर्य पाठीशी येईल अशा बेताने लपणात जाऊन बसणाऱ्याच्या समोर पक्षी आपणहून येतो. लपण म्हणजे काही मोठी वास्तू नव्हे. मळकट रंगाचे कापड, चार काठ्या आणि भिंगापुरते एक भोक एवढ्यात काम भागते. मात्र ते उभारण्यासाठी काठावरची हिरवी झुडपे तोडू नयेत.

सूर्य पाठीशी असावा असे म्हणण्यास एक कारण आहे. खंड्याच्या पाठीवरील निळाई ही रंगद्रव्याची नव्हे. पोटाचा तांबूस रंग रंगद्रव्याचा असतो, पण निळा रंग पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरल्यामुळे दिसतो. त्यामुळे तोच पक्षी एका कोनातून हिरवट, दुसऱ्या कोनातून झगझगीत निळा आणि सावलीत काळसर वाटतो. सकाळचा तिरपा, मऊ प्रकाश त्याला मानवतो. माथ्यावर आलेल्या उन्हात छातीचा पांढरा रंग भगभगीत होतो आणि डोळा सावलीत बुडतो.

बसलेल्या खंड्याचे चित्र साध्या कॅमेऱ्यानेही घेता येते. सुराचे चित्र हे वेगळे प्रकरण आहे. फांदीवरून पाण्यापर्यंतचा प्रवास डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपतो, म्हणून एक सेकंदाचा दोनहजारावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ शटर उघडे ठेवावे लागते. पक्ष्यावर भिंग रोखून पाठलाग करण्यापेक्षा तो जिथे पडतो त्या पाण्यावर आधीच भिंग जुळवून ठेवणे अनुभवी लोक पसंत करतात. अशा चित्रात डोळा पांढुरका दिसला तर तो दोष समजू नये. पाण्यात शिरताना खंड्याच्या डोळ्यावर एक पातळ पडदा ओढला जातो, तोच चित्रात उमटतो.

फिल्मच्या काळात एका रिळात छत्तीस चित्रे मावत. प्रत्येक चित्राला पैसा पडे, आणि धुऊन येईपर्यंत काय मिळाले ते कळत नसे. साहजिकच छायाचित्रकार हात आखडता घेई आणि बराच वेळ नुसता पाहत बसे. आता कॅमेरा एका सेकंदाला वीस चित्रे घेतो. याने कला सर्वांच्या आवाक्यात आली, हे चांगलेच झाले. तालुक्याच्या गावातील तरुण आज जी चित्रे घेतात, ती पूर्वी मोठ्या संस्थांच्या मासिकांतही क्वचित दिसत. परंतु त्याबरोबर घाईही आली. दुसऱ्याला मिळाले ते चित्र आपल्याला याच रविवारी मिळाले पाहिजे, ही ती घाई.

या घाईतून एक युक्ती पुढे आली आहे. पाण्याने भरलेल्या घमेल्यात किंवा काचेच्या टाकीत जिवंत मासे सोडावयाचे, वर सोयीची फांदी रोवावयाची आणि खंड्याला त्या आयत्या भक्ष्याची सवय लावावयाची. चित्र सुरेख येते. पण उथळ भांड्यात सूर मारणाऱ्या पक्ष्याची चोच तळावर आदळू शकते, आणि ओढ्यावरचा खंड्या कसा जगतो याविषयी ते चित्र काहीच सांगत नाही. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे हाही त्यातलाच प्रकार. आपल्या हद्दीत दुसरा खंड्या शिरला अशा समजुतीने तो खाणे, पिलांना भरवणे सोडून धावत येतो.

मात्र खरा धोका घरट्याशी आहे. खंड्या झाडावर घरटे बांधत नाही. मातीच्या उभ्या दरडीत तो चोचीने बीळ खोदतो, आणि आतल्या अंधाऱ्या पोकळीत मादी पांढरी, गोलसर अंडी घालते. बिळाच्या तोंडाशी खालच्या कडेला पक्ष्याच्या पायांनी पडलेल्या दोन बारीक चऱ्या आणि शिटीचा पांढरा ओघळ दिसला, की बीळ वापरात आहे असे समजावे. दुसरी खूण त्याहून मोलाची आहे. खंड्या स्वतः मासा गिळतो तेव्हा माशाचे डोके स्वतःच्या घशाकडे वळवून घेतो. माशाचे डोके बाहेरच्या बाजूस धरून तो बसला असेल, तर तो घास जोडीदारासाठी किंवा पिलांसाठी आहे. असा घास चोचीत धरून खंड्या मान वरखाली करीत ओरडतो आहे आणि जागचा हलत नाही, याचा अर्थ बघणारा माणूस बिळाच्या वाटेत उभा आहे. अशा वेळी तिथून निमूटपणे मागे सरावे. चोचीत मासा धरलेल्या खंड्याची जी चित्रे प्रदर्शनात वाहवा मिळवितात, त्यांपैकी काही याच अडवणुकीच्या क्षणांची असतात. शिक्षकांनी ती पारखून घ्यावीत.

तिबोटी खंड्याच्या बाबतीत हा प्रश्न तीव्र होतो. जेमतेम १३ सेंटिमीटरचा, पिवळा, जांभळा, निळा, केशरी अशा रंगांचा हा पक्षी. नेहमीच्या चारऐवजी पायाला तीनच बोटे, म्हणून नाव तिबोटी. मोसमी पाऊस सुरू होताच रायगड, रत्नागिरीच्या दाट झाडीतील ओहोळांच्या काठी तो विणीसाठी येतो. कर्नाळ्याच्या परिसरात त्याला पाहण्यासाठी जून ते सप्टेंबर या काळात दुरून लोक येतात. पाली, सापसुरळ्या, लहान बेडूक, खेकडे, कोळी असा एकेक घास तो दिवसभर पिलांसाठी आणत असतो. प्रत्येक घासाचे चित्र वेगळे, म्हणून गर्दीही तिथेच. बिळासमोरची वेल, पाने दूर करून दृश्य मोकळे केले की साप आणि कावळा यांनाही ते मोकळे होते. दरडीसमोर माणसे तासन् तास बसून राहिली तर घास घेऊन आलेला पक्षी फांदीवरच खोळंबतो, आणि भर पावसात पिले उपाशी राहतात.

कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या दिली आहे, तीत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना अथवा घरट्यांना उपद्रव देणे हेही समाविष्ट आहे. हातात बंदूक नसली तरी माणूस या व्याख्येत येऊ शकतो, ही गोष्ट बहुसंख्य छायाचित्रकारांच्या गावी नसते. अभयारण्यातील छायाचित्रणासाठी परवानगी लागते, आणि २०२२ च्या सुधारणेने अधिवासात बदल न करता व वन्यजीवांवर प्रतिकूल परिणाम न होता ते व्हावे असे म्हटले आहे. परंतु खंड्याची बहुतेक घरटी अभयारण्यात नसतात. ती रस्त्याच्या कापलेल्या कडेला, शेताच्या बांधाला, ओढ्याच्या वळणावर असतात. तेथे वनरक्षक पोहोचत नाही. तेथे असतो तो शेतकरी आणि त्याची ग्रामपंचायत.

आणि इथे छायाचित्रकारापेक्षाही मोठी गोष्ट येते. छोटा खंड्या व पांढऱ्या छातीचा खंड्या यांची वीण मुख्यतः मार्च ते जून या महिन्यांत होते. नेमक्या याच दिवसांत ओढ्यांचे खोलीकरण, गाळ काढणे, काठ सरळ करणे, संरक्षक भिंत बांधणे ही कामे चालतात. ही कामे गरजेची आहेत आणि ती थांबवा असे कोणी म्हणणार नाही. मात्र यंत्र लागण्यापूर्वी काठावरून एक फेरी मारून वापरातील बिळे पाहणे, तेवढा दोनचार मीटरचा तुकडा पिले उडेपर्यंत शेवटी ठेवणे, आणि जेथे धूप होत नाही तेथील मातीची उभी दरड दगडांनी न मढवता तशीच सोडणे, यासाठी वेगळा निधी लागत नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवहीही तयार केली जाते. दरडीची नोंद करण्याची योग्य जागा हीच. बाहेरगावाहून येणाऱ्या छायाचित्रकारांनी बिळापासून किती दूर राहावे हेही ही समिती ग्रामस्थांच्या संमतीने ठरवू शकते. गावातील एखाद्या जाणत्या मुलाला वाटाड्या म्हणून नेमले, तर त्याला चार पैसेही मिळतील.

शाळेच्या प्रदर्शनाविषयी आता थोडे. प्रत्येक चित्राखाली पक्ष्याची जात, तारीख, वेळ, नर की मादी, आणि चोचीत घास असल्यास तो कोणता, हे विद्यार्थ्यांकडून लिहवून घ्यावे. पाच वर्षे अशा नोंदी साचल्या की गावच्या ओढ्यात कोणते मासे उरले आणि कोणते गेले याचा अंदाज त्यांवरूनच बांधता येईल. घरट्याचे चित्र मात्र लावू नये. विणीच्या काळातील इतर चित्रांखाली तालुक्याचे नाव पुरे, जागा लिहू नये. मोबाइलने काढलेल्या चित्रात ठिकाणाची माहिती पुष्कळदा आपोआप साठवली जाते. असे चित्र दुसऱ्यास पाठवण्यापूर्वी ती काढून टाकावी, आणि ती कशी काढावयाची हे वर्गातील मुलांना विचारले तरी चालेल.